लेकीसाठी रकाना

लोधीपुरा, बऱ्हाणपूर
चैत्र वद्य दशमी, भर दुपार

तीर्थरूप मनकर्णाफुई, जसोंडीच्या योगिताचा वाकून नमस्कार. (ऑफिसात बापाच्या बहिणीला कोणी आत्या म्हणतं, कोणी बुआ. पण तुला आत्या लिहिलं असतं तर हे पत्र शेजारच्या घरचं समजून तू परत पाठवलं असतंस, म्हणून फुईच.) आम्ही सगळे बरे आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? फुवा रिटायर झाल्यापासून घरात फार मदत करतात असं ऐकलं. त्यातून तू सावरली असशील अशी आशा आहे. आईचं डोकं उन्हानं दुखतं. आप्पा नेहमीसारखे आहेत, म्हणजे केळीशी जास्त बोलतात आणि माणसांशी कमी.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते. मी कॉलेजात गेले त्या वर्षापासून तू आखाजीच्या सणाला माहेरी आली नाहीस आणि आप्पांनीही तुला आणायला कुणाला पाठवलं नाही, त्याबद्दल हे पत्र नाही. त्या भांडणात मला पडायचं नाही. (भांडण माझ्यावरूनच झालं, तेव्हा पडायला वेगळी जागाही उरलेली नाही.) तुम्ही दोघं मोठी माणसं आहात. मी फक्त माझ्या नोकरीची हकीकत कळवते आहे, कारण निर्मलाकाकू धूलकोटच्या बाजारात तुला भेटली तेव्हा तू म्हणालीस म्हणे, "ती पोरगी इतकं शिकून करते तरी काय?" हा प्रश्न गावात सगळेच विचारतात आणि मी हसून पुढे जाते. पण तू विचारलास तर उत्तर द्यायला हवं. मला कॉलेजात घाला म्हणून आप्पांशी भांडलेली तूच.

तर ऐक. सरकारची एक योजना आहे. गावोगावची जुनी गाणी, सोंगं, सण टिकावेत म्हणून गावांना मदत द्यायची: कुठे ढोलकी, कुठे जाजम, कुठे माइक. याला सांस्कृतिक धोरण म्हणतात. आता कोणा शहाण्या माणसानं विचारलं की या मदतीनं खरंच काही फरक पडतो का. त्याचं उत्तर आकड्यांत द्यायचं, मदतीआधी किती आणि मदतीनंतर किती. पण किती काय? गाणं किलोत येत नाही, लिटरमध्ये येत नाही. मग काय मोजलं म्हणजे गाणं मोजलं असं होईल, ते आधी ठरवावं लागतं. त्या खुणेला निर्देशक म्हणतात. ताप मोजायला जसा पारा, तसा गावाच्या अंगात गाणं किती आहे ते दाखवणारा पारा शोधायचा, हे माझं काम. मला ते फार मोठं काम वाटतं, फुई. आजवर आपल्याकडच्या बायका काय गातात हे कोणी विचारायलाच आलं नव्हतं. आई मात्र सगळ्यांना सांगते, आमची योगिता गाणी मोजते. आप्पांनी एकदाच चौकशी केली, "दांड्याची घट किती धरता?" (केळीचा घड काट्यावर चढला की व्यापारी दांड्याचं वजन वजा करतो, ते तुला माहीत आहेच.) मला थट्टा वाटली. पण ते गंभीरपणे विचारत होते आणि उत्तर न मिळाल्यामुळे माझ्या खात्यावरचा त्यांचा विश्वास तेव्हापासून जरा कमी झाला आहे.

माझे साहेब निरंजन सर भोपाळला बसतात. मूळचे जबलपूरचे, माणूस फार भला, पण खानदेश आणि निमाड त्यांना नकाशातच भेटलेले. त्यांनी सांगितलं की एक सण आणि एक गाव निवड आणि निर्देशक तपासून बघ. मी आखाजी निवडली आणि जसोंडी निवडली. (का, ते विचारू नकोस. जवळ पडतं.) सरांना आधी समजावून सांगावं लागलं की अक्षय्यतृतीयेला बाकीचं जग सोनं घेतं, आपल्याकडे सासरी गेलेल्या लेकी घरी आणतात, कडुलिंबाला झोके बांधतात, आणि त्या झोक्यांवर बसून लेकी सासरच्यांची जी काही पूजा बांधतात तिलाच लोकगीत म्हणतात. सर म्हणाले, "बहुत सुंदर." त्यांनी ती गाणी ऐकलेली नव्हती.

पहिला निर्देशक होता सहभागी बायकांची संख्या. गेल्या आखाजीला मी छत्री घेऊन लिंबाखाली बसले आणि मोजायला लागले. तुला माहीतच आहे, आपल्याकडे एकही बाई गाणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंत एका जागी बसत नाही. एक कडवं म्हणते, डाळ लागली का बघायला घरी जाते, परत येते, दुसरं कडवं म्हणते, पोराला धुवायला जाते, पुन्हा येते. मी प्रत्येक येणारी मोजली. संध्याकाळी बेरीज केली तेव्हा जसोंडीत जितक्या बायका नाहीत तितक्या गायल्या होत्या. मी घाबरत सरांना कळवलं. सर खूश. "इम्पॅक्ट बहुत स्ट्राँग आ रहा है, योगिता." मी म्हटलं, सर, गावाला मदत अजून मिळालेलीच नाही, ही आधीची मोजणी आहे. सर म्हणाले की मग आकडा थोडा कमी कर, नाहीतर नंतर वाढायला जागा उरणार नाही. मी कमी केला नाही. शिकवलेलं अजून ताजं आहे ना. पुन्हा मोजणी केली, या वेळी येणारीच्या हातावर खुणेचं हळदीचं बोट ओढून. त्यावर चुलत्यांच्या सुनेनं विचारलं की लग्न कुणाचं आहे.

मग मदत आली. माइक आणि दोन भोंगे. मला अभिमान वाटला, कारण यादीत माइक मीच मागितला होता. पोळ्याला तो पहिल्यांदा लावला, नंतर नवरात्रात. फुई, माइक लागला आणि जसोंडीच्या बायका मुक्या झाल्या. कारण काय तर सुनांना लिंबाखाली बसून सासऱ्याला जे म्हणायचं असतं ते लिंबापर्यंतच पोचायचं असतं, भोंग्यातून सासऱ्यापर्यंत नाही. आता सगळ्या जणी देवाची आरती म्हणतात, तीही पोटातल्या पोटात. कागदावर मात्र गावाची प्रगती दिसते: साहित्य मिळालं, हो, वापरलं, हो. मी शेरा लिहिला की माइकमुळे गाणं कमी झालं. तो शेरा वरपर्यंत गेला आणि वरून उत्तर आलं की आणखी एक भोंगा पाठवत आहोत.

दुसरा निर्देशक समाधानाचा. कागदावर एक ते पाच गोल, जितकं समाधान तितक्या आकड्याचा गोल काळा करायचा. सोपं आहे. पण सुना सासूसमोर पूर्ण समाधान सांगेनात (सासू म्हणेल, मग इतके दिवस तोंड का वाकडं) आणि लेकी आईसमोर कमी सांगेनात (आई रडेल). शेवटी मी लिंबाजवळच्या भागाबाईंकडे गेले. त्यांच्या अंगणात झोका बांधतात, तू ओळखतेस. त्या मनापासून हसून म्हणाल्या, पाच. मी पाचचा गोल काळा केला. तशी बाईंनी माझा हात धरला. "पोरी, भरलं सुख उघडं नको ठेवू. नजर लागते. कोपऱ्याला काळा टिका दे." लहान बाळाच्या गालाला देतो तसा. आता मला सांग, वयानं मोठी बाई इतक्या प्रेमानं सांगते तर नाही कसं म्हणायचं? मी कोपऱ्यात ठिपका दिला. हे शेजारणीनं पाहिलं. मग तिलाही हवा. मग साऱ्या गल्लीला हवा. ज्यांनी चार सांगितले होते त्यांनी पाच करून घेतले, कारण आता संरक्षण होतं. एवढं समाधान मी एका गावात कधी पाहिलं नव्हतं.

ते कागद भोपाळला एक मशीन वाचतं. मशीनला टिका कळत नाही. त्याला वाटलं की प्रत्येक बाईनं दोन उत्तरं दिली, आणि दोन उत्तरं असली की कागद बाद. अख्खी जसोंडी बाद झाली. सरांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते, खाली रस्त्यावर हातगाडीवाला ओरडत होता, आणि सर शांतपणे सांगत होते की मशीनच्या मते तुमच्या गावात कोणालाच काहीही वाटत नाही. मी खरं सांगितलं. नजर, टिका, भागाबाई, सगळं. त्यावर सर हळूच म्हणाले की त्यांच्या घरीही मुलीच्या रिझल्टच्या कागदामागे त्यांची आई काजळ लावते. कागद हातानं वाचायला त्यांनी परवानगी दिली. म्हणून म्हटलं, माणूस भला आहे.

तिसरी गोष्ट आठवली की अजून कान तापतात. आमच्या पुस्तिकेत पर्यटकाची व्याख्या आहे: जी व्यक्ती आपल्या नेहमीच्या राहत्या ठिकाणाबाहेर किमान एक रात्र काढते आणि सांस्कृतिक कार्यक्रमात भाग घेते. सणाला बाहेरून किती पर्यटक येतात हा मोठा निर्देशक मानतात. भागाबाईंची प्रतिभा सुरतेला दिलेली. गेल्या आखाजीला मी तिला झोक्यावरच गाठलं. राहण्याचं ठिकाण? सुरत. काल रात्री कुठे झोपलीस? आईजवळ. मी पुस्तिका बघितली आणि खात्री करावी म्हणून मोठ्यानं वाचलं की म्हणजे तू पर्यटक. झोका थांबला. प्रतिभा म्हणाली, "काय वं योगिता, मी टुरिस्ट? मग लिही तुझ्या सरकारला, हॉटेल एकदम बेकार. पहाटे उठवून अंगण झाडायला लावतात, अन् जेवताना विचारतात किती दिवस राहणार." सगळ्या हसल्या. भागाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या माझ्या कागदाकडे बघून म्हणाल्या, "तसं नको लिहू माय. कागदावर आलं की लोकं खरं मानतात."

मी ते खोडलं. मग गावकरी या रकान्यात लिहायला गेले, तर ते घर तिचं आहे असं तिचं रेशनकार्ड म्हणत नाही. प्रेक्षक लिहावं तर सगळ्यात मोठ्यानं तीच गात होती. कलावंत लिहावं तर कलावंताला मानधन द्यावं लागतं. पेन हातात धरून बसले, आणि फुई, खरं सांगते, त्या क्षणी मला तुझी आठवण आली. जिला माहेर आहे तिच्यासाठी एवढ्या मोठ्या कागदावर जागाच नव्हती. मी सरांना फोन केला की नवा रकाना हवा, लेक. सर म्हणाले, "योगिता, बेटी कोई कैटेगरी नहीं होती." मी म्हटलं, सर, हमारे यहाँ होती है. एवढं धीट मी आयुष्यात कोणाशी बोलले नव्हते. (फोन ठेवल्यावर दोन ग्लास पाणी प्यायले आणि नोकरी गेली असं समजून कपाट आवरायला घेतलं.) महिन्याभरानं नवीन कागद छापून आले. त्यात पर्यटकाच्या शेजारी, जरा चेपून बसवलेला, पण आहे: लेक.

आता रकाना आला तशी पंचाईतही आली. किती लेकी आल्या हे मोजायचं, तर किती आल्या नाहीत हेही दिसायला लागलं. सर म्हणाले, हेच महत्त्वाचं, जे येत नाहीत ते का येत नाहीत, तेच धोरणाला कळत नसतं. मग मी एक प्रश्न तयार केला: या घरातली लेक सणाला आली नसेल तर कारण काय? खाली पर्याय दिले: अंतर, वेळ, खर्च, तब्येत, रस नाही, इतर. नियम असा की नवा प्रश्न आधी ओळखीच्या घरी तपासून बघायचा. म्हणून गेल्या रविवारी मी तो आपल्याच घरी तपासला. मला दुसरं घर घेता आलं असतं हे मी मान्य करते.

आप्पा ओट्यावर बसले होते. या घरात सासरी गेलेल्या लेकी किती? एक, म्हणाले. गेल्या आखाजीला आली? नाही. कारण अंतर? "धूलकोट काय काशीला आहे? एका बसचं तर आहे." वेळ नाही? "तिच्याकडं वेळच वेळ, भाऊजी घरी बसलेत." खर्च? "तिनं काय पालखीतून यायचंय?" तब्येत? "तिला काय धाड भरली. बाजारात शेंगदाणेवाल्याशी अजून भांडते, निर्मला सांगते." (बघ, बातम्या दोन्हीकडून जातात. निर्मलाकाकूला सरकारनं मानधन द्यायला हवं.) मग मी वाचलं, रस नाही? यावर आप्पा चिडले. म्हणाले, तिला रस नाही? अगं, ती झोक्यावरून उतरायची नाही. बाकीच्या पोरी रांगेत उभ्या राहून रडायच्या. दोर बांधणारा मी, माझा तळहात सोलायचा, अन् वर बसून मलाच गाण्यात घालायची. मग तळहाताकडे बघत म्हणाले, "इतर लिही." नियमाप्रमाणे मी विचारलं, इतर म्हणजे काय? ते उठले, ठिबक चालू आहे का बघून येतो म्हणाले आणि शेताकडे गेले. तेव्हा लाइट नव्हती.

आई आतून म्हणाली, "लिही, मुराळी गेला नाही." मी लिहिलं. फुई, इतके महिने मी ज्या पाऱ्याच्या शोधात होते तो हाच असावा. ढोलक्या नको मोजायला, भोंगे नको. लेकीला आणायला घरचा माणूस गेला की नाही, तेवढं विचारावं. जिथे मुराळी जातो तिथे गाणं आपोआप पोचतं. सरांना पाठवलाय हा निर्देशक. त्यांनी विचारलंय की मुराळीला सरकारी योजनेतून बसभाडं देता येईल का. मी कळवलं की भाड्यामुळे कोणी अडलेलं नाही, सर, माझ्या माहितीतला एक माणूस तर निव्वळ भांडणात बोललेल्या स्वतःच्या एका वाक्यामुळे अडलाय. "सासरी दिलेल्या लेकीनं माहेरची चूल फुंकू नये." ते वाक्य तुला माझ्यापेक्षा चांगलं पाठ असेल.

असो. अशी माझी नोकरी आहे. तू विचारलंस म्हणून लिहिलं, दुसरा काही हेतू नाही. उन्हात बाजारात जात जाऊ नकोस. फुवांना नमस्कार, आणि त्यांची मदत थोडी कमी व्हावी ही देवाजवळ प्रार्थना.

तुझी,
योगिता मोतीराम (जसोंडीची पहिली ग्रॅज्युएट, असं आई लिहायला सांगते)

ता. क. एक छोटं काम होतं. सोबत एक कोरा फॉर्म जोडला आहे. लेकीच्या बाजूनंही उत्तर घ्यावं असं सरांचं म्हणणं आहे. तेवढं "इतर" समोर कारण लिहून पाठव. शास्त्रासाठी हवं आहे.

ता. क. दुसरा. वरचं खोटं आहे. सर असं काही म्हणाले नाहीत, फॉर्मही जोडलेला नाही, शोधू नकोस. तू या आखाजीला यायला हवीस, एवढंच सांगायचं होतं. आणि आणखी एक, जे न सांगण्याची मी शपथ घेतली होती. त्या वर्षी तू रागानं निघून गेलीस, त्यानंतर आठवडाही झाला नसेल, आप्पांनी मला मोटरसायकलवर मागे बसवून बऱ्हाणपूरला कॉलेजात नेलं आणि फॉर्मवर सही केली. परत येताना वाटेत एकच वाक्य बोलले: "तुझ्या फुईला सांगू नको, लय शेफारेल." त्यांनी ऐकलं होतं तुझंच. तुला कळू मात्र दिलं नाही.

ता. क. तिसरा, घाईत लिहिते आहे. काल जसोंडीला आले आणि पत्रावर घालायला तुझ्या घराचा पत्ता आप्पांना विचारला. ते म्हणाले की पोस्टाचं काही खरं नाही, आण इकडे, मला तसंही धूलकोटकडे केळीचे कंद बघायला जायचंय. (तिकडे कापूस होतो. केळीचे कंद कोण विकतं ते मी विचारलं नाही.) आज सकाळपासून ते इस्त्रीचा शर्ट घालून बसले आहेत. आईनं सांजोऱ्या बांधून दिल्या. दाढी करताना आप्पांनी दोनदा कापून घेतलं. लिफाफा मी भाताची शितं लावून पक्का बंद करते आहे, तरी वाटेत त्यांनी वाचलंच तर वाचू दे.

म्हणजे तू हे वाचत असशील तेव्हा आप्पा तुझ्या दारात उभे असतील. तू बस म्हटल्याशिवाय ते बसणार नाहीत, आणि स्वतःहून काही बोलणारही नाहीत. मी उगाच इतकं लांब लिहिलं, फुई. त्यांना आधी पाणी दे.